मोहाची पहिली धार

मोहाची फुलं आगबोटीत बसून फ्रान्सला गेली होती, असं आमचे आबाजी सांगत. ते फ्रान्स म्हणत नसत, 'फरासिसाचा मुलूख' म्हणत. आजी लगेच त्यांना अडवायची, "आता पोट्ट्याइले झोपू द्या. मोहाले का पाय फुटले बोटीत बसाले?" मग आबाजी आणखी ठासून सांगायचे की मुंबई बंदरातून पोतीच्या पोती गेली, त्यांच्या बापानं ते व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. आम्ही सगळी नातवंडं आजीच्या बाजूची. आबाजींच्या पोतडीत वाघाशी बोलणारा भूमका, म्हणजे गावचा भगत, होता आणि गाविलगडाच्या तळ्यातलं बुडालेलं सोनंही होतं. त्यांच्याच रांगेत आम्ही ही बोटही नेऊन बसवली.

आबाजी जंगल खात्यात मुन्शी होते. चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल अशी बहुतेक नोकरी मेळघाटातच झाली. पुढं परतवाड्याला घर बांधलं, पण जीव वरच राहिला. म्हणून उन्हाळा लागला की चिखलदऱ्याला कुणाच्या तरी दोन खोल्या घ्यायच्या आणि सगळी पोरं गोळा करायची, हा त्यांचा शिरस्ता. धामणगाव गढी मागं टाकून घाट चढू लागलं की खालची होरपळ सुटायची आणि वाऱ्याला एक गोडसर, जड, थोडा आंबूस वास यायचा. "आला मोह," आबाजी म्हणायचे. आजी नाकाला पदर लावायची. तिला तो वास दारूचा वाटे, त्यांना फुलांचा. दोघंही बरोबर होती असं आता वाटतं.

चिखलदऱ्याचा इतिहास सांगताना पुस्तकं १८२३ सालच्या कॅप्टन रॉबिन्सनपासून सुरुवात करतात. हैदराबादच्या पलटणीतल्या या साहेबानं ही जागा 'शोधून काढली' म्हणे. आबाजींना हे पटत नसे. कोरकू आदिवासी इथं होते, गवळी इथं होते, ज्यांच्या नावानं गाविलगड ओळखला जातो ते गवळी. मग शोध कोणी आणि कसला लावला? गाविलगडाचं मात्र ते रंगवून सांगत. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेनं गड घेतला, आणि तोच वेलस्ली पुढं वेलिंग्टन होऊन १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. "म्हणजे फरासिसाचा न् आपला संबंध जुनाच हाये," असा त्यांचा निष्कर्ष. तो ओढूनताणून असेल, पण ऐकायला फार गोड वाटायचा.

आमच्याकडं एक कोरकू बाई येत. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. चिखलदऱ्याच्या खालच्या अंगाला त्यांचा ढाणा, म्हणजे वस्ती, होता, पंधरावीस घरांचा असावा. डोक्यावर बांबूची टोपली, टोपलीत कधी चारोळी, कधी आवळे, आणि मार्च-एप्रिलात मोहफुलं. आजीनं चहा दिला की मावशी दारातच उकिडव्या बसून बशीनं पीत. आजी सोवळ्याची होती, तरी मावशींच्या टोपलीतली फुलं ती आनंदानं घ्यायची. ती कढईत भाजून, तीळ आणि गूळ घालून कुटायची. त्या लाडवांची चव मला अजून जिभेवर आणता येते. आधी गोड, मग किंचित कडवट, आणि शेवटी मनुकेसारखी काहीतरी दाट.

मोह पहाटे गळतो. फाल्गुन-चैत्रात झाडाची पानं झडलेली असतात, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लटकलेले असतात. रात्रीच्या उत्तरार्धात ती मांसल, पिवळट पांढरी फुलं सुटायला लागतात आणि ऊन चढेपर्यंत टपटपत राहतात. म्हणून मावशी आणि त्यांच्या सुना कोंबड्याच्या आधी झाडाखाली पोचत. उशीर झाला तर हरणं आणि वानरं वाटा घेत. अस्वलाची भीती खरी होती, त्यालाही मोह फार प्रिय. प्रत्येक झाड कुणाचं हे गावात ठरलेलं असे. कागद नव्हता, पण आजेसासूकडून सुनेकडं झाड येई आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नसे. फुलं सारवलेल्या जागेवर उन्हात पसरायची, दोनचार दिवसांत ती विटकरी होऊन आकसतात. मग वर्षभर टिकतात. अशा वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त भाग साखरेचा असतो. आबाजींना हे आकड्यात माहीत नव्हतं, मावशींना जिभेनं माहीत होतं.

भट्टी मी पाहिली ती आबाजींच्या बोटाला धरून. आजीला सांगायचं नाही, या बोलीवर. नाल्याच्या काठी, पाण्याजवळ, कारण भट्टीला लाकडाइतकंच गार पाणी लागतं. वाळली फुलं आधी पाण्यात भिजत घातलेली असतात, उन्हाळ्यात तीनचार दिवस, थंडीत आठवडाभर. ती फसफसून आंबली की त्याला सडवा म्हणतात. हा शब्द आता फक्त पोलिसांच्या बातमीत येतो, 'इतके लिटर सडवा नष्ट' अशा मथळ्यात. खरं तर सडवा म्हणजे फुलांची वाइन. द्राक्षाच्या रसातली साखर किण्व खातं आणि तिचं मद्य होतं, तेच इथं घडतं. मावशींच्या घरी जुन्या सडव्याचा थोडा गाळ पुढच्यासाठी राखून ठेवत, म्हणजे नव्याला लवकर चाल मिळते.

सडवा चुलीवर चढवायचा. त्यावर दुसरं मडकं, सांधे चिखलानं आणि चिंध्यांनी बंद, सगळ्यांत वर थंड पाण्याचं भांडं. वाफ वर जाते, गार तळाला लागते आणि थेंब थेंब आतल्या भांड्यात उतरते. वरचं पाणी कोमट झालं की काढून नवं ओतायचं. पाणी किती वेळा बदललं त्यावरून आतली दारू किती कडक ते ठरतं. जितक्या जास्त वेळा बदलाल तितकी ती पातळ होत जाते. मावशींचे यजमान चुलीपाशी बसून हे पाणी सांभाळत. मी त्यांना फारसं बोलताना ऐकलं नाही. चुलीत लाकूड आत सारणं, बाहेर ओढणं, एवढ्यावर त्यांचं लक्ष. जाळ मोठा झाला तर सडवा करपतो आणि करपलेला वास शेवटपर्यंत जात नाही. पहिल्या धारेचे थेंब त्यांनी निखाऱ्यावर टाकले तेव्हा निळी ज्योत भप्पकन उठली. मग थोडी पळसाच्या दोण्यात घेऊन आधी जमिनीवर सांडली, मुठवा देवाच्या नावानं. त्यांच्या भाषेत या दारूला सिड्डू म्हणतात. "थे पेण्याची चीज नोहे पोट्ट्या, थे पयले देवाची हाये," आबाजी मला म्हणाले. कोरकूंचं लग्न ठरताना, भांडण मिटताना, कुणाला मूठमाती दिल्यावर, पेरणीच्या आधी, सिड्डू हवीच. ती नसेल तर बोलणं पुरं झालं असं कुणी मानत नाही.

आबाजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मला फ्रान्सचं कळलं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या एका किडीनं, तिचं नाव फायलोक्सेरा, दक्षिण फ्रान्समधल्या द्राक्षवेलींची मुळं खायला सुरुवात केली. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटरच्या वर वाइन झाली होती, १८८९ मध्ये ती जेमतेम अडीच कोटींच्या आत आली. कोन्याक प्रांतातले ब्रँडीचे मळे उजाड झाले. मद्यार्काला वाइन मिळेना, म्हणून व्यापारी जगभर साखर शोधू लागले. त्या काळात मुंबई बंदरातून मोहफुलांची पोती खरोखरच फ्रान्सला जात होती आणि तिथं त्यांच्यापासून मद्यार्क काढला जात होता. पुढं तिथल्या सरकारनं त्याला आडकाठी आणली, कारण आपल्या द्राक्षांच्या ब्रँडीत असलं काही मिसळलेलं त्यांना नको होतं. हे वाचलं त्या दिवशी मला आबाजींना हाक मारावीशी वाटली. ती पोती मेळघाटातली होती का, हे कुठंच लिहिलेलं नाही. पण मोह तर होता.

आबाजींपर्यंत ही बातमी नेमकी कशी आली असेल? त्यांच्या वडिलांनी ऐकली म्हणत, ते खरंही असेल. मला मात्र एक शंका येते, ती एखाद्या फ्रेंच फादरकडून आली असावी. नागपूरच्या ख्रिस्ती मिशनचे जुने फादर फ्रान्सच्या सावॉय भागातल्या अ‍ॅनसी गावच्या संस्थेचे. त्यांचे पहिले लोक १८४६ मध्ये विशाखापट्टणला पोचले होते. इकडं चिखलदऱ्याजवळही मरियमच्या नावाचं मरियमपूर हे गावच आहे. आबाजी एका गोऱ्या फादरबद्दल बोलायचे, तो कोरकू बोलायचा, कॉफीची रोपं जपायचा आणि आपल्या गावच्या द्राक्षांबद्दल सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. नाव मला आठवत नाही, आबाजींनी कधी सांगितलं की नाही तेही आठवत नाही. त्या फादरला मोहाच्या वासानं घरची आठवण येत असेल काय?

कोन्याकबद्दल जे वाचलं त्यानं मी त्या नाल्याकाठच्या भट्टीपाशी जाऊन पोचलो. तिथंही पांढऱ्या द्राक्षांची साधी आंबट वाइन तांब्याच्या मोठ्या भांड्यात चढवतात, दोनदा. दुसऱ्या वेळी जी धार येते तिचा अगदी पहिला भाग आणि शेवटचा भाग बाजूला काढतात, मधला गाभा तेवढा ठेवतात. कुठं तोडायचं हे भट्टीवाल्याच्या नाकाला आणि जिभेला ठाऊक असतं. मग ती ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं मुरवायची. हेनेसी हे तिथलं १७६५ सालचं घराणं, आयर्लंडहून आलेल्या एका माणसानं काढलेलं. तिथं मिश्रणाची जबाबदारी फियू नावाच्या एकाच कुटुंबाकडं आठ पिढ्या चालत आली आहे. आजोबानं भरून ठेवलेलं पिंप नातू उघडतो. तिथल्या नियमाप्रमाणे भट्ट्या ३१ मार्चच्या आत विझाव्या लागतात. आमच्याकडं नेमका त्याच सुमाराला मोह गळायला लागतो. हे वाचताना मला खूप बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

फरक एवढाच की तिथं कायदा त्या धारेच्या पाठीशी उभा राहिला. १९०९ मध्ये फ्रान्सनं कोन्याकच्या सीमा आखून दिल्या. या भूमीबाहेर कुणी ब्रँडी केली तर तिला ते नाव लावता येणार नाही. १९३६ मध्ये ती ब्रँडी काढण्याची पद्धतही कायद्यानं बांधली. आपल्याकडं १८९२ मध्ये मुंबई सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा केला, तो फुलं बाळगण्यावर आणि नेण्यावर बंधनं घालणारा. सरकारला आबकारीचा पैसा हवा होता, आणि घरोघरी दारू निघाली तर तो बुडणार. झाडावरून पडलेलं फूल घरी ठेवणं हा गुन्हा ठरवणारे लोक वाइनच्या पेट्या मात्र विलायतेहून मागवत होते. वऱ्हाड तेव्हा निझामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती आलेलं, १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेलं. इथं भट्ट्यांचे ठेके लिलावानं जायचे. ठेकेदाराची दुकानं आली आणि कोरकूनं आपल्याच मोहाची दारू पैसे देऊन विकत घ्यायची, असा उफराटा व्यवहार सुरू झाला. त्यातून उधारी, उधारीतून सावकार, सावकारातून जमीन. आबाजींनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा बोलता बोलता ते एकदम गप्प झाले आणि आजीनं विषय बदलला, एवढं स्पष्ट आठवतं.

पुढं १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदीचा कायदा झाला, १९४९ मध्ये मुंबईचा. या कायद्यांमागची माणसं भली होती. दारूनं संसार मोडतात हे मी नाकारत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून जी बंदी आहे ती बायांनीच रेटून आणली, आणि त्यांचं दुःख पाहिलं तर त्यांना दुसरं काही म्हणवत नाही. पण मोह आणि गूळ-नवसागराची हातभट्टी यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बंदी आली की चार दिवस आंबवायला वेळ कुणाला? लपूनछपून, घाईनं, गुळात नवसागर टाकून जे काढतात ते पोट जाळतं. चुलीचा जाळ राखत बसणारा म्हातारा त्या घाईत पहिला हरला. मावशींच्या घरीही तेच झालं. एका वर्षी त्यांचे यजमान कुठं गेले होते ते त्या सांगेनात. आबाजींनी आजीच्या कानात काही सांगितलं आणि आजीनं, सोवळ्याच्या माझ्या आजीनं, मावशींच्या टोपलीत ज्वारीचं पायलीभर पीठ आणि आंबाडीचं लोणचं घातलं. पुढं कधी त्यांच्या भट्टीची गोष्ट निघाली नाही.

मोह म्हणजे फक्त दारू, हे शहरात ठरून गेलंय. आबाजींची आई छप्पनच्या काळातून वाचली होती. १८९९-१९०० चा तो दुष्काळ, वऱ्हाडात धान्याचा दाणा मिळेना. तिचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी होतं, तिथं कोरकूंनी उकडलेली मोहफुलं वाटली आणि त्यावर ते घर तगलं, असं ती सांगे. फुलं उकडून, कोदो-कुटकीच्या पिठात मळून भाकर थापायची. मोहाच्या बियांचं तेल काढायचं, ते दिव्याला, अंगाला, भाजीलाही. पेंड शेतात टाकायची. सर्दी झाली की छातीला चोळायला थेंबभर सिड्डू. आजी हा शेवटचा उपाय आमच्यावर करायची आणि वर म्हणायची, "औषधाले सोवळं नसते."

आता थोडं बदललं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. चिखलदरा आणि धारणी तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथं पेसा कायद्यानं ग्रामसभेला मादक द्रव्यांबद्दलही बोलण्याचा अधिकार आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि नेण्यावरचे निर्बंध उठवले. सातपुड्याच्या पलीकडं मध्यप्रदेशात, जिथं बैतूल-खंडव्यालाही कोरकूच राहतात, सरकारनं मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन आदिवासी बचत गटांना परवाने दिले. आलीराजपूरची बाटली 'मोंड' नावानं बाजारात आली. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं. आणि नाशिकजवळ दिंडोरीला तर ज्या कंपनीच्या नावात हेनेसी आहे तिनंच द्राक्षांचा कारखाना टाकला, २०१३ पासून तिथली फसफसती वाइन मिळते. फरासिसाचा मुलूख आपल्याकडं चालत आला. आबाजींना हे ऐकून आनंद झाला असता, आणि लगेच त्यांनी विचारलं असतं, "मंग आमचा मोह कुठी हाये?"

मलाही तेच विचारायचं आहे. मेळघाटातल्या मोहाची बाटली निघायचीच असेल तर तिचा परवाना एखाद्या बड्या कारखान्याला देऊ नका. तो त्या ढाण्यांच्या ग्रामसभांना द्या, ज्यांच्या आजेसासवांनी झाडं वाटून घेतली आणि कधी कुणाचं फूल चोरलं नाही. बाटलीवर गावाचं नाव असू द्या, झाडाचंही चालेल. भट्टीवर म्हाताऱ्या माणसांना बसवा, त्यांना मास्तराचा पगार द्या, आणि तरण्या पोरापोरींना त्यांच्या शेजारी. पाणी किती वेळा बदलायचं, जाळ कधी ओढायचा, पहिली धार कुठं तोडायची, हे कोणत्याही पुस्तकात नाही आणि ज्यांना येतं ती माणसं आता फार थोडी उरली आहेत. तुमच्यापैकी कुणी अमरावती-अकोल्याचं असेल, घरात कुणी मेळघाटात नोकरी केलेलं म्हातारं असेल, तर या उन्हाळ्यात त्यांच्यापाशी बसा आणि जे सांगतील ते लिहून काढा, बोटीची गोष्ट असली तरी.